युरोपातील मदतनिधी, जगाचे आरोग्य आणि आपल्यासारख्या संस्था

गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत, विहाराच्या खोलीत दर रविवारी चालणाऱ्या मोफत तपासणी केंद्राचा खर्च वाचून दाखविला जात असताना आपल्या एका विद्यार्थ्याने उभे राहून प्रश्न केला. युरोपातील देश गरीब देशांच्या आरोग्यासाठी अब्जावधी रुपये देतात, मग त्यातले दोन लाख आपल्या केंद्राला का मिळू नयेत? सभेत थोडी हशा-खसखस झाली. एका ज्येष्ठ सभासदांनी, आपल्याला कोणापुढे हात पसरायचा नाही, असे सांगून विषय मिटविला. आम्हांला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही आणि मिळालेले उत्तरही पुरेसे वाटले नाही. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचे उत्तर जमेल तसे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम हा पैसा कोठून येतो ते पाहू. १९६९ साली कॅनडाचे माजी पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने अशी शिफारस केली की, श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रक्कम विकास साहाय्य म्हणून द्यावी. म्हणजे शंभर रुपयांतील सत्तर पैसे. १९७० साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ते उद्दिष्ट ठरावात घेतले. स्वीडन, नेदरलँड्स, नॉर्वे आणि डेन्मार्क या चार देशांनी त्याच दशकात ते गाठले. ब्रिटनला तेथवर पोहोचायला २०१३ साल उजाडले. बाकीचे बहुतेक देश दर परिषदेत वचन देत राहिले. २०२४ सालचा हिशेब पाहिला तर नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन व डेन्मार्क एवढेच चार देश सत्तर पैशांच्या वर होते आणि सर्व श्रीमंत देशांची सरासरी तेहतीस पैसे पडत होती.

हा हिशेब पॅरिस येथील आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची विकास साहाय्य समिती ठेवते. हिशेबाच्या वह्या पाहण्यात ज्यांचे आयुष्य जाते त्यांना या वहीतील काही नोंदी फार बोलक्या वाटतील. देशात आलेल्या निर्वासितांवर पहिल्या वर्षी होणारा खर्च 'मदत' या खाती टाकता येतो, असा नियम आहे. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी ब्रिटनच्या एकूण मदतीपैकी चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त रक्कम ब्रिटनमध्येच, निर्वासितांच्या निवाऱ्यावर वगैरे खर्च झाली. निर्वासितांना आसरा देणे हे पुण्यकर्मच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण आफ्रिकेतील दवाखान्यासाठी म्हणून मोजलेला पौंड लंडनच्या हॉटेलमालकाच्या गल्ल्यात जातो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कर्जाचेही तसेच. पूर्वी सवलतीचे कर्ज दिले की पूर्ण रक्कम मदत म्हणून जमा धरीत आणि परतफेड आली की वजा करीत. २०१८ सालच्या हिशेबापासून त्यातील जो भाग खरोखर सूट म्हणता येईल तेवढाच धरतात. ही सुधारणा चांगली, परंतु ती व्हायला पन्नास वर्षे लागली.

आता संस्थांचा भाग. सरकारही नाही आणि व्यापारीही नाही अशा संस्था, संघटना, चर्चची मंडळे, कामगार संघ, रुग्णांचे संघ या सर्वांना मिळून 'नागरी समाज' म्हणण्याची पद्धत आहे. शब्द जडच आहे, पण आपली ही कल्याणकारी संस्थासुद्धा त्यातच मोडते. सरकारचा पैसा अशा संस्थांमार्फत खर्च करण्याची रीत पश्चिम जर्मनीने १९६२ साली घातली. तेथे सरकार दोन्ही पंथांच्या चर्चच्या मध्यवर्ती संस्थांना रक्कम देई आणि त्या संस्था परदेशातील शाळा-इस्पितळांना ती पोहोचवीत. नेदरलँड्सने १९६५ साली तसेच केले. ब्रुसेल्सच्या युरोपीय आयोगाने १९७६ पासून 'सहवित्त' सुरू केले. सहवित्त म्हणजे संस्थेने आपल्या देशातील लोकांकडून काही रक्कम उभी करायची आणि उरलेली आयोगाने द्यायची. स्वतःचा पैसा असलेली संस्था काळजीने काम करते, असा त्यामागील विचार.

येथे आपल्या जवळचे एक उदाहरण सांगितले पाहिजे. १९८० साली काही ब्रिटिश बौद्धांनी 'एड फॉर इंडिया' नावाचे काम सुरू केले. पुढे त्याचे 'करुणा ट्रस्ट' झाले. त्यांचे स्वयंसेवक इंग्लंडमध्ये संध्याकाळी घरोघर जाऊन, दार वाजवून, दरमहा थोडी रक्कम देण्याची विनंती करीत. त्यातून पुण्याजवळच्या दापोडीत व इतरत्र 'बहुजन हिताय'ची वसतिगृहे, बालवाड्या व आरोग्याची कामे उभी राहिली. हा पैसा सरकारी नव्हता. एखाद्या शिक्षिकेने, पोस्टमनने दिलेला होता. सरकारी तिजोरीतून आलेला निधी आणि दारावर मिळालेले दान यांत फरक असतो. दुसऱ्याची नाळ दान पारमितेशी जुळते. पहिल्याची जुळत नाही. पहिला कराचा पैसा आहे आणि त्याला धोरण चिकटलेले असते.

आरोग्याचे म्हणाल तर महाराष्ट्रानेच जगाला एक धडा दिला आहे आणि तोही युरोपच्या मार्गाने. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेतील शिक्षण संपवून त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला आले. जिनिव्हा येथे जागतिक चर्च परिषदेने १९६८ साली ख्रिश्चन मेडिकल कमिशन स्थापन केले होते. मोठी इस्पितळे बांधूनही खेड्यातील मूल का मरते, हा प्रश्न त्या मंडळींना सतावीत होता. जामखेडच्या प्रयोगाला त्यांचे पाठबळ लाभले. आरोळ्यांनी केले काय? शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावातील निरक्षर, बहुधा दलित किंवा परित्यक्ता स्त्रियांना आरोग्य सेविका म्हणून निवडून शिकविले. जिच्या सावलीचा विटाळ मानीत तीच बाई पाटलाच्या सुनेचे बाळंतपण पाहू लागली. दुष्काळात बोअर घेऊन हातपंप बसविताना ते दलित वस्तीत बसवावेत असा आग्रह धरला. पाणी पाहिजे तर सगळ्यांनी तेथे यावे! आरंभी हजारात सुमारे १७६ अर्भके दगावत. १९९० च्या दशकाअखेर त्या गावांत हे प्रमाण विसाच्या आसपास आले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली लोकांनी चालविलेल्या आरोग्यसेवेवर जे पुस्तक काढले त्यात जामखेडवर प्रकरण आहे. १९७८ च्या सप्टेंबरात तेव्हाच्या सोव्हिएत संघातील अल्मा-आटा येथे 'सर्वांसाठी आरोग्य' ही जी घोषणा झाली, तिच्या पाठीमागे जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता. आमच्या मते युरोपातील पैशाचा याहून चांगला उपयोग क्वचितच झाला असेल. रक्कम तशी थोडी होती आणि निवड गावाने व डॉक्टरांनी केली होती. दात्याने सेविकेची जात, शिक्षण वा वय ठरविले नाही.

पण असे नेहमी घडत नाही. ज्याच्या हाती तिजोरी त्याच्या हाती हुकूम, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर जो प्रबंध लिहिला (तो १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला) तो पुष्कळांना केवळ नावाने ठाऊक असतो. १८७१ पासून मध्यवर्ती सरकार प्रांतांना तुरुंग, पोलीस, शिक्षण, वैद्यकीय सेवा इत्यादींसाठी ठोक रक्कम नेमून देऊ लागले. पुढे काही महसूल नेमून दिला, त्यानंतर महसुलात वाटा दिला. वरवर पाहता प्रांतांचे अधिकार वाढत गेले. बाबासाहेबांनी मात्र हिशेब तपासून दाखविले की, मूळ सत्ता जागची हलली नव्हती. प्रांताला आपल्या हक्काचे असे काही मिळाले नव्हते. विद्यार्थी मित्रांनी हा ग्रंथ अवश्य पाहावा. परदेशी मदतीचा प्रश्न समजून घेताना आम्हांला त्याचा जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचा झाला नाही. ठोक रक्कम, नेमलेली रक्कम, वाटा आणि हक्क अशा या पायऱ्या आहेत. मदत घेणारा यांपैकी कोणत्या पायरीवर उभा आहे, हे पाहावे.

हक्काच्या पायरीवर चढण्याचा मोठा झगडा एड्सच्या रुग्णांनी केला. १ डिसेंबर १९९४ रोजी पॅरिस येथे ४२ देशांची शिखर परिषद भरली. ज्यांना हा आजार आहे त्यांना धोरण ठरविण्यात सामील करून घ्यावे, हे तत्त्व तेथील जाहीरनाम्यात मान्य झाले. कागदावर मान्य झाले, पण औषध कोठे होते? तीन औषधांचा जो उपचार युरोपातील रुग्णाला जगवीत होता त्याचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. २८ सप्टेंबर २००० रोजी ब्रुसेल्सला युरोपीय आयोगाने एड्स, क्षय व हिवताप या विषयांवर बैठक बोलाविली. त्या बैठकीत मुंबईच्या 'सिप्ला' कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांना बोलायला तीन मिनिटे मिळाली. तोच उपचार आपण वर्षाला ८०० डॉलरमध्ये देऊ, असे त्यांनी तेथे सांगितले. सभागृहातील सरकारे गप्प राहिली. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने 'सीमारहित डॉक्टर' या संस्थेला ३५० डॉलरचा भाव दिला, म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी. ही संस्था मूळची फ्रान्समधील. भाव जगभर छापून आला आणि 'औषध फार महाग, गरिबांसाठी उपाय नाही' हे म्हणण्याची सोय उरली नाही. सरकारांना जे सुचले नाही ते मुंबईचा एक कारखानदार आणि युरोपातील डॉक्टरांची एक संस्था यांनी करून दाखविले.

जानेवारी २००२ मध्ये जिनिव्हा येथे एड्स, क्षय व हिवतापाविरुद्धचा 'ग्लोबल फंड' सुरू झाला. त्याची घटना पाहण्यासारखी आहे. नियामक मंडळात मताधिकार असलेल्या वीस खुर्च्या आहेत. दहा देणाऱ्यांच्या, दहा घेणाऱ्यांच्या. घेणाऱ्यांच्या दहांपैकी सात सरकारांच्या आणि तीन नागरी समाजाच्या. या तिघांपैकी एक श्रीमंत देशांतील संस्थांचा, दुसरा गरीब देशांतील संस्थांचा आणि तिसरा प्रत्यक्ष रोगाने गाठलेल्या समूहांचा प्रतिनिधी असतो. या तिसऱ्याला आरंभी खुर्ची होती पण मत नव्हते. ते २००४ साली मिळाले. एकमत झाले नाही तर ठराव मंजूर व्हायला दोन्ही बाजूंचे वेगवेगळे दोन-तृतीयांश लागते. म्हणजे जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन एकत्र आले तरी घेणाऱ्यांच्या संमतीवाचून ठराव रेटता येत नाही. प्रत्येक देशातही एक समन्वय मंडळ असावे लागते आणि त्यात रुग्णांचे प्रतिनिधी असावे लागतात. आपल्या देशात २०१० साली क्षयरोगासाठी सुरू झालेला 'अक्षय' प्रकल्प याच निधीतून संस्थांमार्फत चालला. खोकला असलेल्या माणसाला शोधून, समजावून, बेडका तपासायला नेणारा कार्यकर्ता ही त्यातील खरी किल्ली होती.

फ्रान्सने आणखी एक वेगळी वाट काढली. जुलै २००६ पासून तेथून उडणाऱ्या विमानाच्या तिकिटावर छोटी पट्टी बसविली. साध्या वर्गाला जवळच्या प्रवासासाठी एक युरो, दूरच्या प्रवासासाठी चार. ती रक्कम 'युनिटएड' या नव्या संस्थेला मिळू लागली आणि त्यातून एड्सग्रस्त बालकांची औषधे घेतली गेली. त्या मंडळावरही संस्थांना व रुग्णसमूहांना जागा आहे.

म्हणून सगळे गोड झाले असे समजू नये. २०११ च्या जानेवारीत ग्लोबल फंडाच्या स्वतःच्या तपासनिसांनी काही देशांत उघडकीस आणलेल्या अफरातफरीची बातमी गाजली. जर्मनीने आपला हप्ता रोखला. स्वीडननेही हात आखडता घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात पैसा पुरत नाही म्हणून नव्या अर्जांची अकरावी फेरी रद्द झाली. ज्याने आपल्या वहीतील चूक आपणच दाखविली त्यालाच शिक्षा, असा हा न्याय! बँकेत अशी तऱ्हा सुरू झाली तर कोणी तपासनीस खरा अहवाल लिहिणार नाही. आणि दुसरे असे की, एका हाताने औषधासाठी निधी देणारा युरोप दुसऱ्या हाताने व्यापार कराराच्या बोलण्यांत भारताकडे पेटंटविषयक कडक अटी मागत होता. तसे झाले असते तर मुंबई-हैदराबादची स्वस्त औषधेच अडली असती. मार्च २०११ मध्ये एचआयव्हीग्रस्त हजारो स्त्री-पुरुष दिल्लीच्या रस्त्यावर उतरले, ते यासाठी. त्यांना युरोपातील संस्थांची साथ होती, ही गोष्टही नमूद केली पाहिजे.

अलीकडे ओहोटी लागली आहे. ब्रिटनने २०१५ साली ०.७ टक्क्यांचा कायदा केला, २०२१ पासून ०.५ वर आणले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये, संरक्षणखर्चासाठी, २०२७ पर्यंत ०.३ वर नेण्याचे जाहीर केले. १९६५ पासून संस्थांना जोपासणाऱ्या नेदरलँड्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये संस्थांच्या अनुदानात सुमारे एक अब्ज युरोंची कपात जाहीर केली. ग्लोबल फंडाला २०२२ साली १५.७ अब्ज डॉलरची वचने मिळाली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गला ती ११ अब्जांच्या थोडी वर थांबली. युक्रेनचे युद्ध, महागाई, निवडणुका अशी कारणे सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. परंतु मोझांबिकमधील ज्या बाईला रोज गोळी घ्यायची आहे तिला युरोपातील निवडणुकीत मत नाही. मंडळावर तिची खुर्ची आहे, पण तिजोरीच रिकामी झाली तर खुर्चीवर बसून ती काय मंजूर करणार?

आता आपल्या सभेतील प्रश्नाकडे येऊ. २००३ सालच्या अर्थसंकल्पाच्या वेळी भारत सरकारने ठरविले की, थोड्या मोठ्या दात्यांखेरीज इतर देशांची सरकारी मदत घ्यायची नाही. त्यांना द्यायचेच असेल तर संस्थांमार्फत किंवा आंतरराष्ट्रीय संघटनांमार्फत द्यावे. पुढच्या वर्षी ही अट थोडी सैल झाली. ब्रिटनने २०१५ अखेर भारताची पारंपरिक अनुदाने बंद केली. म्हणजे सरकारी वाट अरुंद झाली आणि संस्थांची वाट उरली. या वाटेवर विदेशी अंशदानाचा कायदा उभा आहे. तो पहिल्यांदा १९७६ साली झाला, २०१० साली नव्याने झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने कडक झाला. विदेशी देणगी घ्यायला केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मूळ कामावर पंधरा लाख रुपये खर्च केलेले हवेत. एखाद्या ठरावीक दात्याकडून ठरावीक कामासाठी पूर्वपरवानगी मागण्याची वेगळी सोय आहे. पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच उतरला पाहिजे. प्रशासनावर वीस टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एका संस्थेला मिळालेला विदेशी निधी तिला दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पूर्वी मोठी संस्था ब्रुसेल्सहून अनुदान आणी आणि तालुक्यातील दहा लहान संस्थांना वाटून देई. ती साखळी २०२० साली तुटली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ही दुरुस्ती वैध ठरविली आहे.

आमच्या माहितीतील एका लहान संस्थेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथील एका सभासदाचा मुलगा लंडनला असतो. त्याने व त्याच्या इंग्रज सहकाऱ्यांनी मिळून विहारातील दवाखान्यासाठी काही पौंड जमवून थेट संस्थेच्या बचत खात्यावर पाठविले. संस्थेची नोंदणी नव्हती, म्हणून बँकेने ते परत केले. मुलगा रागावला, संस्थेचे अध्यक्ष त्याहून रागावले. बँकेचे चुकले नव्हते, पण असे का, हे त्यांना नीट समजावून सांगायला कोणी खिडकीवरून उठले नाही, एवढे खरे. वास्तविक भारतीय नागरिकत्व असलेल्या त्या मुलाने आपल्या स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकव्यवहाराने पाठविलेली रक्कम कायद्याने विदेशी अंशदान ठरत नाही. सहकाऱ्यांची रक्कम ठरते. दोन्ही एकत्र केल्याने त्याचीही गेली. ज्यांची मुले परदेशी आहेत त्या सभासदांनी हे लिहूनच ठेवावे. मुलाने तेथील नागरिकत्व घेतले असेल तर मात्र त्याचे पैसेही विदेशीच.

आपल्या संस्थेचा मागील तीन वर्षांचा खर्च आम्ही जमाखर्चाच्या वहीतून काढला. तो पंधरा लाखांच्या निम्माही भरत नाही. तेव्हा विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे आजचे उत्तर 'नोंदणी मिळणार नाही' असेच आहे. पूर्वपरवानगीसाठी दात्याचे लेखी वचनपत्र आणि कामाचा आराखडा लागेल. दाता आधी हवा, आणि तो आज आपल्याजवळ नाही.

खुर्चीचे मात्र तसे नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. क्षयरोगासाठी जिल्हा पातळीवर मंच आहे आणि त्यात बरे झालेल्या रुग्णांना जागा आहे. महाराष्ट्रात २००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे व ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. तेथे खेड्यातील बायांनी जनसुनवाईत उभे राहून डॉक्टर का येत नाहीत, औषध बाहेरून का आणायला लावता, असे अधिकाऱ्यांना तोंडावर विचारले. त्यासाठी ना ब्रुसेल्सचा अर्ज लागला, ना दिल्लीचे खाते. हा लेख लिहिताना आम्ही रुग्णालयात जाऊन, रुग्ण कल्याण समितीवर आपल्या वस्तीतील कोणी आहे काय, अशी चौकशी केली. यादी फळ्यावर लावलेली नव्हती. लेखी अर्ज द्या, मग दाखवू, असे सांगण्यात आले. अर्ज दिला आहे, त्याची पोच कार्यालयात फाइलला लावली आहे. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही पुढच्या खेपेस बरोबर नेणार आहोत.